बलक कुठाय?

दोन अंकांपूर्वी या सदरात मी एक वाक्य लिहून गेले होते, की चाळिशी-पन्नाशीत कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर म्हातारपणी अल्झायमरचा धोका वाढतो, तेव्हा तपासून घ्या. बास, एवढंच. त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आलेत त्यातल्या निम्म्या घरांत तूप बंद झालंय, अंड्यातला बलक बेसिनमध्ये जातोय, आणि हे सगळं कोणासाठी तर घरातल्या पंचाहत्तरीच्या आजीसाठी. चूक माझीच, तपासून घ्या म्हटलं पण कोणी तपासायचं ते नीट लिहिलं नाही. म्हणून आजचं सदर सगळं याच विषयाला, केसगळतीवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत धीर धरा.

प्रश्न : मॅडम, माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, तीन वर्षांपूर्वी न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला. तुमचं सदर वाचलं आणि त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला, त्यात सांगितलंय की खाण्यातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जाऊन साचतं आणि त्याचेच प्लाक होतात. तेव्हापासून आमच्या ह्यांनी घरात तूप, साय, अंड्याचा बलक सगळं बंद केलंय. सासूबाईंना रोज सकाळी एक उकडलेलं अंडं लागतं, आता नुसतं पांढरं देते. त्या ताटलीतलं पांढरं उलटंपालटं करून बघतात आणि विचारतात, "अगं, बलक कुठाय?" माझं नाव त्यांना आठवत नाही पण अंड्यात बलक असतो हे बरोब्बर आठवतं. दोन महिन्यांत वजन अडीच किलोनी उतरलंय, आता ४६ आहे. हे म्हणतात औषध कडूच असतं. मी काय करू? (एक वाचक, कराड)

उत्तर : ताई, उद्या सकाळी बलक द्या. आधी ते करा, मग बाकीचं वाचा.

तुमच्या मिस्टरांना दोष देत नाही हं, आईसाठी जीव तुटतोय म्हणूनच करतायत, पण त्या व्हिडिओत एका शब्दाचा घोळ झालाय. प्लाक हा शब्द डॉक्टर लोक दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. हार्टच्या रक्तवाहिनीत जो प्लाक होतो त्यात कोलेस्टेरॉल असतं, खरंय. अल्झायमरमध्ये मेंदूत जो प्लाक सापडतो तो बीटा अमायलॉइड नावाच्या प्रोटीनचा असतो, आणि सोबत पेशींच्या आत टाउ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनचे गुंते झालेले असतात. १९०६ मध्ये जर्मनीत ट्युबिंगेनला आलॉइस अल्झायमर या डॉक्टरनी पहिल्यांदा हे सगळं लोकांसमोर मांडलं तेव्हा त्यांच्याकडे ऑगस्टे डेटर नावाच्या बाईंचा मेंदू होता, वय एक्कावन्न असताना १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या दवाखान्यात दाखल झालेल्या, बिचाऱ्या स्वतःचं नाव लिहितानाही अडखळायच्या. त्या मेंदूत दिसले ते हे प्रोटीनचे ढिगारे आणि गुंते. बलकाचा थर नव्हे.

आता खाल्लेलं कोलेस्टेरॉल मेंदूत जातं का. तोंडातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत असे हे दोन टप्पे आहेत, आणि दोन्हीकडे अडवणूक आहे.

पहिला टप्पा बघा. एका मोठ्या अंड्यात साधारण १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, सगळं बलकात, पांढऱ्यात शून्य. पण आपलं लिव्हर स्वतःच कोलेस्टेरॉल बनवत असतं, अंगातलं बहुतेक सगळं असं घरचंच असतं, आणि बाहेरून जास्त आलं की लिव्हर आपला हात आखडता घेतं, शेजारून फराळाचं ताट आलं की आपण घरचा चिवडा कमी करतो ना, तसं. सगळ्यांचं लिव्हर इतकं समंजस नसतं, काहींचा आकडा अंड्यांनी जास्त वर जातो, पण सरसकट बघितलं तर रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे लोणी-तुपासारख्या थिजणाऱ्या फॅटचा, वाटा मोठा आहे. अमेरिकेत वर्षानुवर्षं दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगायचे, २०१५च्या गाइडलाइनमध्ये तो आकडाच काढून टाकला. म्हणजे मोकाट खा असं नाही, कमीच खा हे तिथेही लिहिलेलं होतं, पण मोजपट्टी गेली.

दुसरा टप्पा जास्त मजेशीर आहे. मेंदूचं वजन शरीराच्या फार तर दोन टक्के, पण अंगातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्तच तिथे असतं, नसांवर जे आवरण असतं, वायरीवर प्लॅस्टिक असतं तसं, ते बनवायला ते लागतंच. आणि हे सगळं मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ओलांडून आत जाऊ शकत नाहीत. आमच्या आजीचं सोवळ्यातलं स्वयंपाकघर होतं, बाहेरचं काही आत चालायचं नाही, जे लागेल ते आतच शिजवायचं, मेंदूचा कारभार तसाच. अगदीच काही शिरत नाही असंही नाही, कोलेस्टेरॉलचा रूप बदललेला एक अवतार मागच्या दारानं आत जातो आणि त्यावर संशोधन चाललंय, पण सकाळचं अंडं संध्याकाळी मेंदूत साचलं असा प्रकार नाही.

तुम्ही म्हणाल मग हे कोलेस्टेरॉलचं खूळ आलं कुठून. ते हवेतून नाही आलं, आणि मीच ते वाक्य लिहिलं होतं तेव्हा मला सांगायलाच हवं. १९९४ मध्ये अमेरिकेत लॅरी स्पार्क्स नावाच्या शास्त्रज्ञांनी सशांना कोलेस्टेरॉल घातलेलं खाणं दिलं आणि त्यांच्या मेंदूत बीटा अमायलॉइड वाढलेलं दिसलं. बातमी झाली. आता ससा म्हणजे शंभर टक्के शाकाहारी, तो जन्मात कधी अंडं खात नाही, त्याच्या शरीराला हा माल हाताळायची सवयच नाही. त्यामुळे सशावरून माणसाकडे उडी मारताना जरा जपून.

मग माणसांचे अभ्यास झाले, आणि मला वाटतं ही गंमत सगळ्यांनी बघावी. हॉलंडमध्ये रॉटरडॅम शहरात पाच हजारांवर लोकांचं खाणं लिहून घेतलं होतं, १९९७ मध्ये रिपोर्ट आला की फॅट, सॅच्युरेटेड फॅट आणि कोलेस्टेरॉल जास्त खाणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया (म्हणजे स्मरण आणि बुद्धी ढासळत जाणं, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) जास्त दिसतो. पण तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याच शहरातल्या त्याच अभ्यासाचा सहा वर्षांचा हिशेब २००२ मध्ये आला आणि तो संबंध दिसेनासा झाला. पहिला रिपोर्ट गाजला, दुसरा कोण वाचतं. २००३ मध्ये शिकागोच्या ८१५ ज्येष्ठांचा अभ्यास आला, त्यात सॅच्युरेटेड फॅट आणि ट्रान्स फॅट जास्त खाणाऱ्यांना अल्झायमरचा धोका दुपटीच्या आसपास दिसला, खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा मात्र संबंध दिसला नाही. आणि मग फिनलंड. तिथे पूर्वेला कुओपिओ भागात ४२ ते ६० वयाच्या २,४९७ पुरुषांच्या खाण्याची नोंद १९८०च्या दशकात केली आणि जवळजवळ बावीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, ३३७ जणांना डिमेन्शिया झाला, त्यात २६६ अल्झायमरचे, आणि २०१७ मध्ये निकाल सांगितला की अंडी किंवा खाण्यातलं कोलेस्टेरॉल यांचा त्याच्याशी काही संबंध लागत नाही. उलट अंडी खाणारे काही चाचण्यांमध्ये जरा बरेच निघाले. आता हा सगळा पुरुषांचा हिशेब आहे आणि तोही फिनलंडचा, तेव्हा अंडं खा हुशार व्हा अशी पाटी मी लावणार नाही, पण बलक बेसिनमध्ये टाकायलाही त्यात काही आधार नाही.

रक्तातलं कोलेस्टेरॉल ही वेगळी गोष्ट, आणि तिथे वय फार महत्त्वाचं. त्याच फिनलंडमध्ये १,४४९ लोकांचा अभ्यास २००१ मध्ये आला, मधल्या वयात ज्यांचं टोटल कोलेस्टेरॉल आपल्या हिशेबात २५०च्या वर होतं त्यांना वीस-एकवीस वर्षांनी अल्झायमर जास्त झालेला दिसला, ब्लडप्रेशर वाढलेल्यांनाही तसंच. रक्तवाहिन्या खराब झाल्या की मेंदूचा रक्तपुरवठा बिघडतो हे त्यातलं एक कारण. पण म्हातारपणी चित्र उलटं होतं. हवाईमधल्या जपानी वंशाच्या पुरुषांमध्ये असं दिसलं की ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांचं कोलेस्टेरॉल आजार लक्षात यायच्या पंधराएक वर्षं आधीपासूनच उतरत होतं. म्हणजे सासूबाईंचा रिपोर्ट आज कमी आला तर त्यात आनंद मानायचं कारण नाही आणि आणखी कमी करून त्यांचा आजार मागे फिरणार नाही.

त्यांना आज खरा धोका आहे तो वजनाचा. अल्झायमरमध्ये वजन तसंही उतरतं, जेवल्याचं आठवत नाही, न जेवल्याचंही आठवत नाही, चावायचा कंटाळा येतो, वास येत नाही त्यामुळे चव लागत नाही. अशा माणसाच्या ताटातून चवीच्या दोनच गोष्टी काढल्या तर तो खाणार काय? दोन महिन्यांत अडीच किलो ही अंगावर काढायची गोष्ट नाही, डॉक्टरांना दाखवा, दात किंवा कवळी बघा, गिळताना ठसका लागतो का बघा, सध्याच्या कुठल्या गोळीनं भूक मरतेय का विचारा, आणि बी १२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तपासून घ्या. बलकात बी १२ असतं, आपल्याकडे त्याची कमतरता किती आहे यावर पुण्यात भरपूर काम झालंय, आणि ते कमी पडलं तर विसरभोळेपणात भरच पडते. भातावर चमचाभर तूप घाला, चमचाभर तुपात कोलेस्टेरॉल जेमतेम १५ मिलिग्रॅम असतं, वास सुटला की आपोआप दोन घास जास्त जातात. माझी आत्या शेवटच्या दोन वर्षांत मऊ भात, तूप, मेतकूट एवढंच खायची आणि मेतकुटाचा डबा उशाशी घेऊन झोपायची, आम्ही काढून घेतला नाही. हार्टचा त्रास किंवा शुगर असेल तर रोज अंडं की एक दिवसाआड ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि ताई, सासूबाई ७६ म्हणजे तुमचे मिस्टर पंचेचाळीस ते पन्नासच्या घरात असणार. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, त्यांची करा. ते वाक्य मी त्यांच्यासाठी लिहिलं होतं.

प्रश्न : वय ५८, एलडीएल १६२, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवायला स्टॅटिनची गोळी दिलीये. मेव्हणा म्हणतो मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो, गोळी घेतलीस तर विसरायला लागशील. दुसरा एक मित्र म्हणतो हीच गोळी अल्झायमर टाळते. मी कोणाचं ऐकू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोघांचंही नको, डॉक्टरांचं ऐका. मेव्हण्याचं म्हणणं पूर्ण हवेतलं नाही, अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१२ मध्ये स्टॅटिनच्या माहितीपत्रकात लिहायला लावलं की काही लोकांना विसरल्यासारखं होतं, पण ते गंभीर नसतं आणि गोळी थांबवली की जातं असंही त्यातच आहे. ब्रिटनमध्ये वीस हजारांवर लोकांना पाच वर्षं स्टॅटिन किंवा खोटी गोळी देऊन बघितलं, ७० ते ८२ वयाच्या साडेपाच हजारांवर ज्येष्ठांची वेगळी ट्रायल झाली, दोन्हीत स्मरणशक्तीच्या बाबतीत इकडेही फरक नाही आणि तिकडेही नाही. अल्झायमर झालेल्या ६४० लोकांना अटोरव्हास्टॅटिनचा ८० मिलिग्रॅमचा दणकट डोस दीड वर्षाच्या आसपास दिला, आजार हटला नाही. म्हणजे मित्रही चुकला. गोळी हार्ट आणि स्ट्रोकसाठी आहे, त्यासाठी ती चांगली आहे, आणि लकव्याचा झटका टळला की त्यामुळे येणारा विसरभोळेपणाही टळतो हा बोनस समजा. स्वतःच्या मनानं बंद करू नका. खरंच गोळी सुरू केल्यावर पंधरा दिवसांत चाव्या, नावं विसरायला लागलात तर तारखेसकट लिहून डॉक्टरांना सांगा, दुसरी देता येते.

प्रश्न : कोलेस्टेरॉल फ्री लिहिलेलं शेंगदाणा तेल घ्यावं की साधं? फरक ४० रुपयांचा आहे. शिवाय आमच्याकडे रत्नागिरीला खोबरेलातच सगळं, त्याचं काय? (एक वाचक)

उत्तर : चाळीस रुपये वाचवा. झाडापासून आलेल्या कुठल्याच तेलात आपल्याला मोजण्यासारखं कोलेस्टेरॉल नसतं, शेंगदाणा असो नाहीतर करडई, ते फक्त प्राण्यांपासून आलेल्या खाण्यात असतं, तेव्हा तेलाच्या पिशवीवर हे लिहिणं म्हणजे केळ्यावर हाडविरहित असं लिहिण्यासारखं आहे. खोबरेलातही कोलेस्टेरॉल नाही, पण त्यातलं ८५ ते ९० टक्के फॅट सॅच्युरेटेड, आणि ते एलडीएल वाढवतं. सोलकढी, ओल्या नारळाचं वाटण चालू ठेवा, तळण मात्र रोज खोबरेलात नको. खोबरेल रोज दोन चमचे प्यायल्यानं अल्झायमर बरा होतो असं जे फिरतंय त्यावर पैसे आणि पोट दोन्ही घालवू नका. आणि खारी, टोस्ट, नानकटाई खाताना वनस्पती तुपाची आठवण ठेवा, २०२२च्या जानेवारीपासून ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आलीये त्यामुळे परिस्थिती सुधारली, पण सॅच्युरेटेड त्यात आहेच, चहाबरोबर पाच खाऱ्या हा नाश्ता नाही.

प्रश्न : मी ३६ वर्षांची, न्यू जर्सीत असते. बाबांना (ठाण्यात) अल्झायमर आहे. मी डीएनए टेस्ट केली, अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई फोर या जीनची एक कॉपी आलीये. तेव्हापासून झोप नाही. चीज, अंडी, सगळं सोडलंय, कोलेस्टेरॉल शून्यावर आणायचंय. बरोबर करतेय ना?

उत्तर : शून्यावर आणायचं काहीच नसतं गं, ते लागतं अंगाला. आधी झोप. ही जीन आणि अल्झायमरचा संबंध १९९३ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात लागला आणि खरंच त्यामुळेच सगळ्यांच्या डोक्यात कोलेस्टेरॉल शिरलं, कारण एपीओई हे प्रोटीन मेंदूत कोलेस्टेरॉलची हमाली करतं, इकडून उचलून तिकडे पोचवतं, आणि फोर जातीचा हमाल कामात जरा ढिला. एका कॉपीनं धोका साधारण दुप्पट-तिप्पट होतो, पण एक कॉपी असलेल्या कितीतरी जणांना कधीच अल्झायमर होत नाही आणि ज्यांना होतो त्यांच्यातल्या अनेकांकडे ही जीन नसतेच. तुझ्या प्रश्नाला थेट उत्तर फिनलंडच्याच त्या अंड्यांच्या अभ्यासात आहे, त्यातल्या ज्यांची जीन तपासली होती त्यांच्यात जवळजवळ एक तृतीयांश लोकांकडे फोर होती, आणि त्यांच्यातही अंड्यांचा किंवा खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा अल्झायमरशी संबंध निघाला नाही.

तुला काहीतरी करायचंच आहे हे कळतंय, मग जे हातात आहे ते कर. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञांनी चौदा गोष्टींची यादी दिली, त्या सगळ्या सावरल्या तर जगातला ४५ टक्क्यांच्या आसपास डिमेन्शिया टळू शकेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. मधल्या वयातलं वाढलेलं एलडीएल त्या यादीत पहिल्यांदाच आलं आणि त्याच्या नावावर सात टक्के टाकलेत, आणि बरोबरीनं सात टक्के आहेत ते कमी ऐकू येण्याच्या नावावर. कोलेस्टेरॉलवर सगळे बोलतात, कानाच्या मशीनवर कोणी बोलत नाही, बाबांना ऐकू कमी येतं का ते या खेपेला ठाण्यात गेलीस की बघ. बाकी ब्लडप्रेशर, शुगर, सिगरेट, व्यायाम, एकटेपणा, सगळं त्या यादीत आहे, अंडं नाही. फिनलंडमध्येच ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं खाणं, व्यायाम, डोक्याला खाद्य आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकदम दिलं तर त्यांची बुद्धी नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली, २०१५ मध्ये आलंय हे. एकेक गोष्ट सुटी करून बघितली की एवढा फरक दिसत नाही. नुसत्या आहाराचंच बघ, माइंड डाएट म्हणून पालेभाज्या, बेरी, सुकामेवा असा खूप गाजलेला आहार आहे, शिकागोचाच, पण ६०० जणांवर तीन वर्षं ट्रायल केली आणि २०२३ मध्ये निकाल आला तर साध्या आहारापेक्षा त्यात ठळक फरक निघाला नाही. तरी पालेभाजी खाच, मेथी तिथेही मिळते. लिपिड तपास, एलडीएल वाढलेलं असेल तर तुझ्या डॉक्टरशी नीट बोल, आणि टेस्टच्या कंपनीचं ते ॲप रोज उघडून बघणं बंद कर, ती जीन उद्या बदलणार नाहीये.

प्रश्न : तांब्याच्या कळशीतलं पाणी प्यायल्यानं अल्झायमर होतो असा मेसेज आलाय. आमच्याकडे तीन पिढ्या तेच पितात. खरं का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : हे पुन्हा तेच ससे. त्याच स्पार्क्सनी पुढे २००३ मध्ये दाखवलं की कोलेस्टेरॉल खाणाऱ्या सशांच्या पाण्यात अगदी किंचित तांबं घातलं तर त्यांच्या मेंदूत प्लाक जास्त होतात. माणसात तसं सिद्ध झालेलं नाही. कळशीतलं पाणी प्या, ती चिंच लावून घासत चला, हिरवा थर चढू देऊ नका. ताक, लिंबूपाणी, कैरीचं पन्हं असलं आंबट काही कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवू नका, अल्झायमर राहू द्या, आधी उलट्या होतील.